वेगाला गारवा लागतो : प्रोसेसर, ओव्हरक्लॉकिंग आणि उष्णता



निमंत्रणपत्रिका वाचून काही जणांनी मला तोंडावर विचारलं की स्मृतिव्याख्यानाला हा विषय कसा? या व्यासपीठावर संतसाहित्यावर बोललं गेलं, सहकारावर बोललं गेलं, दुष्काळावर बोललं गेलं. आणि आज कॉम्प्युटरच्या पंख्यावर. पण ज्या सरांच्या नावाने ही माला चालते त्यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, आणि त्यातही उष्णतेचा धडा त्यांच्या खास आवडीचा. उष्णता कुठे तयार होते, कुठे जाते आणि वाटेत कुठे अडते, हे तीन प्रश्न ते कोणत्याही यंत्राला विचारायला लावत. माझं आजचं भाषण या तीन प्रश्नांच्या बाहेर जाणार नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लोकल गाठायची आहे त्यांची अडचण नको. प्रोसेसरवर कारखान्याने जो वेग छापलेला असतो त्याहून जास्त वेगाने तो चालवणं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा जादा वेग कोणी आकाशातून आणत नाही. चिप विकताना कारखान्याने सर्वांत वाईट परिस्थिती गृहीत धरलेली असते आणि तिच्यासाठी थोडी शिल्लक मागे ठेवलेली असते. ओव्हरक्लॉकर ती शिल्लक उचलतो, आणि किती उचलता येईल हे बहुतांशी ठरतं ते उष्णता किती लवकर बाहेर काढता येते यावर. गेल्या तीस वर्षांत ही शिल्लक हौशी माणसाच्या हातातून हळूहळू कंपनीच्या हातात गेली. ती कशी गेली, ते मला सांगायचं आहे.

शिल्लक मुळात ठेवावी का लागते? सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप्स एकदम तयार होतात, पण त्या सगळ्या सारख्या निपजत नाहीत. कुठे ट्रान्झिस्टर किंचित जलद, कुठे विजेची गळती किंचित जास्त. कारखाना प्रत्येक चिप तपासतो आणि तिला एका वेगाच्या गटात टाकतो. धंद्यातले लोक याला बिनिंग म्हणतात. तपासताना त्यांना माहीत नसतं की ही चिप ओस्लोच्या वातानुकूलित कचेरीत जाणार आहे की अकोल्याच्या सायबर कॅफेत, जिथे कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं आहे आणि पंख्यावर बोटभर धूळ आहे. म्हणून छापलेला वेग हा अकोल्याचा वेग असतो, आणि तोही काही वर्षं वापरून चिप थोडी थकल्यानंतरचा. शिवाय बाजाराचं गणित आहेच. स्वस्त मालाला मागणी जास्त असली की चांगली चिपसुद्धा कमी वेगाचा शिक्का मारून विकली जाते.

सुरुवातीच्या काळात उष्णतेचा यात संबंधच नव्हता. आयबीएमच्या १९८१च्या पीसीत ५ मेगाहर्ट्झची ८०८८ चिप ४.७७ मेगाहर्ट्झने चालायची, कारण घड्याळाचा स्फटिक टीव्हीच्या रंगीत संकेताच्या हिशेबाने निवडला होता. १९८४च्या पीसी एटीत ६ मेगाहर्ट्झची ८०२८६ होती. लोकांनी बोर्डावरचा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक उपटला, १६चा खोचला, आणि मशीन ८ने पळू लागलं. आयबीएमने पुढे बायॉसमध्ये वेग तपासणारा पहारा बसवला, यावरून हा उद्योग किती पसरला असेल ते कळतं. त्या चिपवर पंखा तर सोडाच, ॲल्युमिनियमचा तुकडाही नव्हता. १९९३चे पहिले ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचे पेंटियम आले, ५ व्होल्टवर चालणारे, तेव्हा पंखा ही घरच्या मशीनमध्येही नेहमीची गोष्ट झाली.

आता १९९८. ओव्हरक्लॉकिंगचा सुवर्णकाळ कुठला असं कोणी विचारलं तर माझं बोट या वर्षावर जाईल. २४ ऑगस्टला इंटेलने बाजारात आणलेल्या प्रोसेसरांपैकी दोन इथे महत्त्वाचे. एक पेंटियम टू ४५० मेगाहर्ट्झचा, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर. सेलेरॉन म्हणजे गरिबाचा प्रोसेसर. त्याच्या आधीच्या आवृत्तीत दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी काढूनच टाकली होती आणि त्यामुळे त्याची बरीच टिंगल झाली होती. ३००एमध्ये इंटेलने चूक सुधारली: १२८ किलोबाइट कॅश थेट चिपमध्येच, आणि प्रोसेसरच्याच पूर्ण वेगाने धावणारी. पेंटियम टूची कॅश मोठी होती, ५१२ किलोबाइट, पण ती बाजूच्या वेगळ्या चिप्समध्ये, अर्ध्या वेगाने. या वेगळ्या चिप्सच वेग वाढवताना आधी दम टाकायच्या. सेलेरॉनमध्ये तो अडथळा राहिला नाही.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डावरच्या बसचा वेग गुणिले गुणक, आणि हा गुणक कारखान्यातच ४.५वर बंद केलेला होता. बसचा वेग ६६. साडेचार गुणिले ६६ म्हणजे ३००. पण ॲबिटच्या बीएच६सारख्या बोर्डावर बसचा वेग बायॉसमधूनच १०० करता यायचा. साडेचार गुणिले १०० म्हणजे ४५०. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड मशीन बांधणाऱ्यांपर्यंत ही बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "३००ए आहे का? साधा नको, 'ए'च पाहिजे," आणि दुकानदार हसून ४५०चा भाव सांगायचा.

तर हे जमलं कशामुळे? ३००एची उष्णता २० वॅटच्या आत होती. व्होल्टेज तेच ठेवून वेग दीडपट केला तर उष्णताही साधारण दीडपट, म्हणजे ३० वॅटच्याही आतच. डब्यातून मिळालेल्या हीटसिंकच्या जागी थोडा जाड हीटसिंक आणि बरा पंखा बसवला की ती सहज निघून जायची. शिल्लक मोठी होती, आणि ती उचलण्यासाठी लागणारं शीतकरण शेदोनशे रुपयांत मिळत होतं. हा योग पुन्हा इतका चांगला जुळून आला नाही.

का आला नाही, यासाठी थोडं गणित. कंटाळा करू नका, एकच ओळ आहे. आजच्या सगळ्या प्रोसेसरांत खर्च होणारी वीज आवर्तनसंख्येच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नुसता वेग वाढवला तर हिशेब सरळ असतो. पण एका मर्यादेनंतर ट्रान्झिस्टर ठरल्या वेळेत पालटत नाही, संकेत पुढच्या टप्प्याला पोहोचायच्या आत घड्याळाचा पुढचा ठोका पडतो, आणि मशीन हँग होतं. मग व्होल्टेज वाढवावं लागतं. समजा ४ गिगाहर्ट्झचा, १.२ व्होल्टवर चालणारा प्रोसेसर तुम्हाला ४.८वर न्यायचा आहे आणि त्यासाठी १.४ व्होल्ट लागतात. वेग २० टक्क्यांनी वाढला. व्होल्टेजचा वर्ग ३६ टक्क्यांनी वाढला. गुणाकार केला की उष्णता ६३ टक्क्यांनी वाढली. शंभर वॅटचे १६३ वॅट. पाचव्या हिश्शाचा वेग मिळवायला जवळपास दोन तृतीयांश उष्णता जास्त. ओव्हरक्लॉकिंगमध्ये शीतकरणाचं महत्त्व काय, याचं निम्मं उत्तर या गुणाकारात आहे.

उरलेलं निम्मं गळतीत. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत असतो, आणि तापमान वाढलं की ही गळती झपाट्याने वाढते. गळती वाढली की उष्णता वाढते, उष्णता वाढली की तापमान, तापमान वाढलं की पुन्हा गळती. शीतकरण चांगलं असेल तर हे चक्र एका ठिकाणी स्थिरावतं. नसेल तर स्थिरावतच नाही. म्हणजे हीटसिंक दहा अंशांनी तापमान खाली आणतो तेव्हा तो तयार झालेली उष्णता बाहेर काढतोच, शिवाय तयार होणारी उष्णताही थोडी कमी करतो. हा दुसरा फायदा पुष्कळ जण हिशेबात धरत नाहीत.

गार चिप जलदही असते का? बहुधा, हो. तापमान वाढलं की सिलिकॉनमधल्या विद्युतकणांची चाल मंदावते आणि चिपमधल्या तांब्याच्या सूक्ष्म तारांचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. पन्नास अंशांत तो वीस टक्के झाला. म्हणून तेच व्होल्टेज ठेवून चिप गार केली तर ती थोडा जास्त वेग पेलते. मात्र अगदी कमी व्होल्टेजवर उलटं घडतं. तिथे गरम ट्रान्झिस्टर लवकर चालू होतो, आणि गार चिप अडखळते. नव्या प्रक्रियांमध्ये हा उलटा प्रकार जास्त दिसतो. सरांच्या विद्यार्थ्यांनी हा अपवाद घरी जाऊन जरूर अभ्यासावा; इथे मी पुढे जातो.

आता दुसरा आणि तिसरा प्रश्न: उष्णता जाते कुठून आणि अडते कुठे. ट्रान्झिस्टरांच्या थरातून ती सिलिकॉनमध्ये येते, तिथून चिप आणि तिचं धातूचं झाकण यांच्यामधल्या लेपात, मग तांब्याच्या झाकणात, मग आपण बाहेरून लावतो त्या पेस्टमध्ये, मग हीटसिंकच्या तळात, मग पत्र्यांत, आणि शेवटी खोलीतल्या हवेत. प्रत्येक टप्प्याचा आपला एक उष्णतारोध असतो, आणि ते सगळे एकापुढे एक जोडलेले असल्याने बेरजेत धरायचे. एकूण रोध दर वॅटला ०.२५ अंश असेल तर १०० वॅटला प्रोसेसर खोलीपेक्षा २५ अंशांनी गरम राहील, आणि आपल्या मघाच्या १६३ वॅटला ४१ अंशांनी.

तांब्याची उष्णतावाहकता ४००च्या घरात, सिलिकॉनची दीडशेच्या आसपास, चांगल्या पेस्टची फार तर दहा. हवेची ०.०२६. म्हणजे पेस्टचं काम फक्त दोन धातूंच्या खडबडीतपणात अडकलेली हवा हुसकावण्याचं. तो थर जितका पातळ तितका चांगला. तरीही भाकरीवर लोणी थापावं तशी पेस्ट थापणारे लोक मी पाहत आलो आहे.

या साखळीतली एक कडी किती महाग पडते, ते २०१२ साली कळलं. इंटेलने सँडी ब्रिजपर्यंत चिप आणि झाकण यांच्यामध्ये इंडियम धातूची डाखणी वापरली होती, वाहकता ८०च्या जवळपास. आयव्ही ब्रिजमध्ये, म्हणजे ३७७०केसारख्या खास ओव्हरक्लॉकिंगसाठी विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरमध्येही, तिथे साधी पेस्ट आली. ट्रान्झिस्टर लहान झाले होते, कागदावर वीज कमी लागत होती, ९५ वॅटच्या जागी ७७. आणि व्होल्टेज वाढवल्यावर चिप मात्र जुन्यापेक्षा बरीच जास्त तापत होती. बाहेर कितीही मोठा हीटसिंक लावा, अडथळा झाकणाच्या आत होता. मग लोकांनी दाढीचं पातं घेऊन झाकण कापून काढायला सुरुवात केली. डीलिडिंग नावाचा प्रकार तिथून फोफावला. आत गॅलियम, इंडियम आणि कथिलाच्या मिश्रणाचा, खोलीच्या तापमानाला द्रवच असणारा धातू लावायचा आणि झाकण परत बसवायचं. काहींच्या चिप्स पात्याने मेल्या. ज्यांच्या वाचल्या त्यांना दिसलं की पेस्टइतकाच दोष झाकण चिकटवणाऱ्या काळ्या गोंदाच्या जाडीचा होता. त्या गोंदामुळे झाकण चिपपासून केसभर वर राहायचं. (हा द्रवधातू ॲल्युमिनियमला पोखरतो. ॲल्युमिनियमच्या तळाच्या हीटसिंकला तो लावू नका, असं इथे बसलेल्या तरुण मंडळींना सांगून ठेवतो.) २०१८ला ९९००केमध्ये इंटेल पुन्हा डाखणीकडे वळली. त्यानंतर १०९००केमध्ये तर सिलिकॉनच घासून पातळ केलं आणि वरचं तांबं जाड केलं, कारण उष्णतेला सिलिकॉनपेक्षा तांब्यातून जाणं सोपं. ओव्हरक्लॉकरांनी पात्याने जे दाखवून दिलं ते कारखान्याने सहा-आठ वर्षांनी मान्य केलं, असं मी याकडे पाहतो.

हीटसिंकच्या आतल्या तांब्याच्या नळ्यांबद्दलही सांगायला हवं, कारण त्या पाहून पुष्कळांना वाटतं की त्या भरीव असतात. त्या पोकळ असतात आणि त्यांत कमी दाबाखाली थेंबभर पाणी असतं. गरम टोकाला ते उकळतं, वाफ होऊन गार टोकाकडे धावतं, तिथे पुन्हा पाणी होऊन आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येतं. आपल्या माठाची ही विद्या आहे: पाण्याला वाफ होताना जी उष्णता लागते तीच वाहून नेण्याच्या कामी लावायची. फक्त इथे पाणी बाहेर जात नाही. लॉस अलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी विकसित केली. भरीव तांब्याच्या कितीतरी पट उष्णता ती नेते.

शेवटची कडी खोलीची हवा, आणि तिच्यावर ना कारखान्याचा ताबा ना दुकानदाराचा. परदेशात तयार झालेल्या हीटसिंकच्या चाचण्या बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. जळगावला मे महिन्यात कूलर बंद पडला की खोलीच ३८-४० वर असते. हवेने किंवा पाण्याने गार होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही, म्हणून ते सोळा-अठरा अंश सरळ प्रोसेसरच्या तापमानात मिळवायचे. चाचणीत ८० दाखवणारी चिप जळगावात ९८ला जाते, आणि वर गळतीचं व्याज. बाहेरच्या आकड्यांवर विसंबून इकडे ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

पाण्याच्या शीतकरणाबद्दल गैरसमज इतके आहेत की त्यावर वेगळं व्याख्यान होईल. पाणी गार करत नाही, ते फक्त वाहतूक करतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर २०० वॅट उचलताना ते जेमतेम ३ अंशांनी तापतं. म्हणून वाहतूकदार म्हणून ते उत्तम. पण रेडिएटरमध्ये त्याला ती उष्णता खोलीच्या हवेलाच द्यावी लागते. फायदा एवढाच की पत्र्यांचं क्षेत्रफळ प्रोसेसरच्या डोक्यावरून उचलून कॅबिनेटच्या छतावर हवं तेवढं पसरता येतं. मग कोणी म्हणतं, पाण्यात बर्फ टाकू किंवा चिलर लावू. जुलैत मुंबईत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६च्या आसपास असतो. २० अंशांचं पाणी नळीतून खेळवा, प्रोसेसरच्या भोवती बोर्डावर थेंब जमायला लागतील. पुढचं सांगायला नको.

खोलीच्या खाली जायचंच असेल तर मग ते द्रव नायट्रोजनने, उणे १९६ अंशांवर. प्रोसेसरवर तांब्याचं भांडं बसवायचं, भोवतीच्या बोर्डाला व्हॅसलिन किंवा फोम लावून दवापासून वाचवायचं, आणि हाताने नायट्रोजन ओतत राहायचं. तिथे गळती जवळजवळ आटते, तारांचा रोध घसरतो, आणि एरवी चिप काही क्षणांत मारून टाकेल एवढं व्होल्टेज देता येतं. एएमडीच्या एफएक्स-८१५०ने २०११च्या ऑगस्टअखेरीस द्रव हेलियमखाली ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले आणि गिनीज बुकात नाव मिळवलं. ९ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडायला त्यानंतर अकरा वर्षं लागली. डिसेंबर २०२२मध्ये इंटेलच्या १३९००केवर 'एल्मॉर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वीडिश ओव्हरक्लॉकरने ती ओलांडली.

हेलियम उणे २६९ला उकळतो, म्हणजे तो नायट्रोजनपेक्षा नक्कीच सरस, असं वाटेल. पण एक लिटर द्रव नायट्रोजन उकळताना सुमारे १६० किलोजूल पितो. एक लिटर हेलियम अडीचच्या आसपास. नुसत्या उकळण्याचा हिशेब धरला तर १०० वॅटच्या प्रोसेसरला लिटरभर नायट्रोजन जवळपास अर्धा तास पुरेल आणि लिटरभर हेलियम अर्धा मिनिटही नाही. शिवाय अति गारव्याचा एक विकारही असतो. काही प्रोसेसर एका ठराविक तापमानाच्या खाली चालूच होत नाहीत, ओव्हरक्लॉकर त्याला कोल्ड बग म्हणतात. २००९चा एएमडीचा फिनॉम टू त्या जगात एवढा लाडका झाला तो या विकारापासून मोकळा होता म्हणून.

माझं मत विचाराल तर हा खेळ आहे, आणि खेळ म्हणून सुंदर आहे. पण ८.४२९च्या विक्रमावेळी आठपैकी दोनच कोअर चालू होते, आणि अशा विक्रमात मशीनने फक्त तेवढा वेळ जिवंत राहायचं असतं की पडद्यावरचा आकडा नोंदवून घेता येईल. त्यातून घरच्या मशीनबद्दल एकच गोष्ट शिकायची: शीतकरण अमर्याद केलं तरी वेग अमर्याद होत नाही. सामान्य चिप साडेपाच-सहाला पोहोचते. तिच्यावर जगातला सर्वांत थंड द्रव ओतला तरी ती नऊच्या थोडी पुढे जाऊन थांबते.

ही भिंत कारखान्यांनाही लागलीच. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होत जातील त्या प्रमाणात व्होल्टेजही खाली आणलं तर दर चौरस सेंटिमीटरची उष्णता तेवढीच राहील. तीसएक वर्षं हे चाललं. मग व्होल्टेज आणखी खाली आणणं गळतीमुळे अशक्य झालं. २००१मध्ये इंटेलचे पॅट गेलसिंगर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत आलेख दाखवून सांगितलं की हाच कल राहिला तर चिपची उष्णतेची घनता अणुभट्टीला, मग रॉकेटच्या नळकांड्याला आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाला गाठेल. २००४ साली पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झला ११५ वॅट घेऊन थांबला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर जाहीर होऊन रद्द झाला.

इथे आपल्या पुण्याचा उल्लेख करायला हवा. अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना म्हणून १९८८ला पुण्यात सी-डॅक उभी राहिली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ला परम ८००० तयार झाला. सीमोर क्रे यांचा मार्ग एका प्रचंड वेगवान यंत्राचा होता, आणि तो शीतकरणावर उभा होता: १९७६च्या क्रे-१मध्ये फ्रिऑनच्या नळ्या, १९८५च्या क्रे-२मध्ये तर सगळे बोर्डच फ्लुओरिनर्ट या द्रवात बुडवलेले. परमने दुसरी वाट धरली, अनेक साध्या प्रोसेसरांनी काम वाटून घेण्याची. २००५नंतर साऱ्या जगाच्या घरगुती प्रोसेसरांनाही एका कोअरऐवजी अनेक कोअरकडे वळावं लागलं ते उष्णतेमुळे. पुण्यातल्या मंडळींना ते भविष्य दिसत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढची अडचण वेगळी होती. पण वाट तीच निघाली.

आता शिल्लक कंपनीच्या हातात कशी गेली त्याकडे येतो. २००१च्या सप्टेंबरात टॉम्स हार्डवेअरने एक चित्रफीत दाखवली. चालू मशीनमधल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून घ्यायचा आणि काय होतं ते पाहायचं. एएमडीचा ॲथलॉन क्षणात धूर काढून मेला. पेंटियम थ्री हँग झाला, पण वाचला. पेंटियम फोर मात्र चालत राहिला. त्याने आतलं तापमान मोजून स्वतःचा वेग खाली आणला. लोकांनी ॲथलॉनची राख लक्षात ठेवली. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट पेंटियम फोरची वाटते. प्रोसेसरला आता स्वतःचा ताप कळत होता. जो ताप पाहून वेग कमी करू शकतो, तो ताप नाही असं पाहून वाढवूही शकतो. २००८च्या कोअर आय७मध्ये टर्बो बूस्ट आला आणि तेच झालं. अकोला गृहीत धरायची गरज संपली, चिप स्वतःच मोजू लागली की ती अकोल्यात आहे की ओस्लोत. २०११पासून गुणक मोकळा हवा तर के अक्षराचा महागडा प्रोसेसर घ्या, अशी व्यवस्था झाली. शिल्लक उचलण्याचा परवानाच विकायला आला. १०९००केमध्ये तर ७० अंशांच्या खाली राहिलात तर जादा १०० मेगाहर्ट्झ, असा नियमच चिपमध्ये लिहिला होता. शीतकरण आणि वेग यांचं नातं इथे उघड कागदावरच मांडलेलं होतं.

त्याची दुसरी बाजूही दिसली. कंपनीच जेव्हा शिल्लक तळापर्यंत उपसते तेव्हा काय होतं? २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर, कोणीही ओव्हरक्लॉक न करता, अस्थिर होऊ लागले. जास्त व्होल्टेज आणि तापमानाखाली घड्याळाचा ठोका पोहोचवणारं आतलं सर्किट झिजत होतं, हे इंटेलने सांगितलं, मायक्रोकोड सुधारला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. १३९००के २५३ वॅट घेतो, सुमारे अडीच चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून. १९९८च्या सेलेरॉनमध्ये जी मोकळीक होती ती इथे औषधालाही उरलेली नाही.

एएमडीकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. २०२२च्या ५८००एक्स३डीमध्ये कोअर असलेल्या चिपच्या वर कॅशचा जादा थर चिकटवला. खेळांमध्ये तो कमालीचा जलद ठरला, पण कोअरची उष्णता त्या थरातून वाट काढत वर यायची. म्हणून तापमानाची मर्यादा ९० अंश, व्होल्टेजवर अंकुश, आणि ओव्हरक्लॉकिंग बंद. नोव्हेंबर २०२४च्या ९८००एक्स३डीमध्ये त्यांनी तोच थर कोअरच्या खाली नेला. कोअर वर आले, झाकणाच्या जवळ. मूळ वेग वाढला आणि ओव्हरक्लॉकिंग पुन्हा खुलं झालं. त्यात थरांच्या या अदलाबदलीचा मोठा वाटा होता.

पुढची पिढी मात्र हे पुन्हा अवघड करणार आहे. इंटेलच्या १८ए प्रक्रियेसारख्या नव्या पद्धतींत वीज चिपच्या पाठीकडून दिली जाते, आणि त्यासाठी मूळ सिलिकॉन अतिशय पातळ घासावं लागतं. ते जाड सिलिकॉन उष्णता आडवी पसरवायचं काम फुकट करत होतं. आता गरम ठिपका तसाच टोकदार राहतो. यावरचा एक तोडगा १९८१चा आहे: स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीझ यांनी सिलिकॉनमध्येच केसासारखे बारीक पन्हळ कोरून त्यांतून पाणी सोडलं आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट काढून दाखवले. घरच्या पीसीत हे कोणी आणलं नाही, कारण पंखा स्वस्त होता आणि पाणी गळतं.

मग आज घरच्या मशीनवर ओव्हरक्लॉकिंग करायचं का, हा प्रश्न भाषणानंतर हमखास येतो म्हणून आत्ताच उत्तर देतो. व्होल्टेज वाढवू नका, कमी करा. आजचा प्रोसेसर तापमान आणि विजेच्या मर्यादेला टेकेपर्यंत स्वतःच वर जात असतो. त्याचं व्होल्टेज थोडं खाली आणलं तर वर्गाच्या हिशेबाने उष्णता घटते, मर्यादा लांब जाते, आणि तो आपणहून जास्त वेळ वरच्या वेगाला टिकतो. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर त्यासाठीच आहे. प्रत्येक चिप किती खाली येईल ते वेगळं असतं, तेव्हा थोडं थोडं उतरा, आणि मशीन रीस्टार्ट होऊ लागलं की एक पायरी परत चढा. त्याआधी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा आणि सुकलेली पेस्ट बदला; जुन्या मशीनमध्ये निम्मं काम तिथेच होतं. आणि स्थिरतेची चाचणी डिसेंबरच्या रात्री घेऊन समाधान मानू नका. ती मे महिन्यात दुपारी तीन वाजता घ्या, कॅबिनेट बंद करून.